मोहिते काकांचं चौथं पाऊल

मोहिते काका कुठलाही सिनेमा मध्यंतराच्या पुढे बघत नसत. दिवे लागले की उठायचे, "चला, सिनेमा संपला," म्हणायचे आणि पॉपकॉर्नच्या रांगेला वळसा घालून बाहेर पडायचे. मला हे पहिल्यांदा दिसलं ते दादरहून मीरा रोडला राहायला आलो त्याच महिन्यात. भुताचा सिनेमा होता, मी मुलखाची घाबरट, आणि शेजारच्या खुर्चीतले हे पांढऱ्या मिशांचे गृहस्थ नेमके भूत यायच्या आधी निघाले. मी म्हटलं, "अहो, अजून अर्धा बाकी आहे." ते म्हणाले, "बाकी आहे तो पैसा. कल्पना होती ती संपली." हा माणूस एक तर वेडा असावा, नाहीतर माझ्याहून भित्रा, असं मी ठरवून टाकलं. संध्याकाळी तोच माणूस आमच्या लिफ्टमध्ये भेटला. आम्ही सहाव्या मजल्यावर, ते सातव्या, म्हणजे शेवटच्या.

काकांना जाऊन आता वर्ष होत आलं. ते भित्रे नव्हते. घाबरवणं हा त्यांचा धंदा होता. पस्तीस वर्षं त्यांनी सिनेमातल्या पावलांचे आवाज काढले. पडद्यावर नटी जिना उतरते तेव्हा ऐकू येणारी पावलं तिची नसतात, हे त्यांनी मला सांगितलं आणि पुढे कितीतरी दिवस मला कुठलीच नटी खरी वाटेना. स्टुडिओत समोर पडदा, जवळ माईक, पायाखाली कधी फरशी, कधी फळी, कधी वाळू, आणि काका तिच्या चालीने चालतायत. त्यांच्या बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर आणि पुस्तकांचं कपाट होतं, आतल्या खोलीत नुसती पादत्राणं. कोल्हापुरी, गमबूट, उंच टाचांचे सँडल, एका बाजूने झिजलेली स्लीपर. त्या खोलीत मी एकटी कधी थांबले नाही. इतकी माणसं आत आली आणि परत गेलीच नाहीत, असं वाटायचं.

मोठ्या बजेटच्या सिनेमांवर त्यांचा राग होता, पण तो मुलगा वाया गेलेल्या बापाचा राग होता. "यांना चांगली कल्पना सापडते ना, मग हेच घाबरतात," ते म्हणायचे. "एवढ्याशा कल्पनेवर एवढा पैसा कसा लावायचा? मग राक्षस आणतात." एका सिनेमात समुद्रात बुडालेली माणसं गावात परत यायची. काही करायची नाहीत, आपापल्या घराच्या ओट्यावर नुसती बसून राहायची. ते बघताना माझ्या अंगावर काटा आला होता. मध्यंतरानंतर त्याच माणसांची म्हणे जहाजावर मारामारी होती. काकांनी ही गोष्ट त्यांच्या मासेवालीला सांगितली. ती उत्तनजवळच्या चौक गावची. सुरमई कापता कापता तिने विचार केला आणि म्हणाली, "न्हाय, बुडालेला मानूस मारामारी कशाला करंल? तो जेवन मागंल." काका खूश. "बघ! कोट्यवधी घालून यांना जे सुचलं नाही ते हिला सुचलं." मला मात्र त्या दिवशी मासे गिळवेनात.

त्यांचं दुसरं आवडतं वाक्य होतं, "रात्री कोणीही घाबरवतं. दुपारी अडीचला घाबरवून दाखवा." हे त्यांनी आमच्यावरच करून दाखवलं.

झालं असं की त्यांना एका बड्या निर्मात्याचा सिनेमा मिळाला. कल्पना एवढीच: शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला डोक्यावर पावलं ऐकू येतात. वर गच्चीला कुलूप. चालणारं कोणी कधीच दिसत नाही. काका लहान मुलासारखे हरखले होते. "शेवटपर्यंत दाखवणार नाही म्हणालेत गं. शेवटपर्यंत!" आणि मग ते घरी सराव करू लागले. मला तेव्हा आठवड्यातले तीन दिवस घरून काम होतं. भर दुपारी, उन्हाचा कवडसा लादीवर पडलेला, कुकर नुकताच उतरवलेला, आणि वर पावलं. एक. दोन. तीन. मग काहीच नाही. आता थांबलं म्हणून मी श्वास सोडायचे आणि तेव्हाच चौथं पडायचं, उशिरा, फरपटत, पडावं की नाही असं वाटत असल्यासारखं. वर मोहिते काका आहेत, साठी उलटलेले, मधुमेहाचे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी चौथ्या पावलाला माझे हात कीबोर्डवरून उचलले जायचे. आई तर स्वयंपाकघरात एकटी जाईना. शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी हात जोडून वर गेले, "मोहितेजी, दोपहर को मत चलिए. मेरी वाइफ नहाने नहीं जा रही." काकांनी त्यांना चहा पाजला आणि नंतर मला म्हणाले, "पुरस्कार मिळाला मला आज."

एका दुपारी वरून काहीच आवाज येईना. एरवी मी देवाचे आभार मानले असते, पण त्या दिवशी शांतता काही ठीक वाटेना. मी वर जाऊन बेल दाबली. पाच वेळा दाबली. दार ठोठावलं, हाका मारल्या. त्यांनी आमच्याकडे ठेवलेली किल्ली आणून दार उघडलं तर काका आतल्या खोलीत पाठमोरे बसलेले, मांडीवर ती झिजलेली स्लीपर. मी खांद्याला हात लावला तेव्हा ते असे दचकले की मीच ओरडले.

"उजवा कान गेला," स्लीपर खाली ठेवत ते म्हणाले. "डावा जातोय. डॉक्टर म्हणतात, सहा महिने, फार तर वर्ष." स्टुडिओत कोणाला सांगितलं नव्हतं. आणि मग ते चौथ्या पावलाचं बोलले. पडद्यावर चालणारं कोणी नसल्यामुळे हेडफोनमधल्या ठेक्यावर चालायचं होतं. पहिल्या चाचणीला, घरी सराव सुरू करायच्याही आधी, तीन ठेके ऐकू आले. चौथा आलाच नाही. काका वाट बघत राहिले. "मला कळलं गं, की हा ठेका वाजलाय आणि तो फक्त मला ऐकू आलेला नाही. घाम फुटला. पाय उचलेना. मग कसाबसा ओढला." दिग्दर्शक टाळ्या वाजवत आत आला. दर वेळी अस्संच पाहिजे म्हणाला, म्हणून घरचा सराव. "म्हणजे मी घाबरलो, तो आवाज घेतलाय त्यांनी. आयुष्यभर दोन पावलांमधल्या शांततेचे गोडवे गायले. आता ती माझ्याकडे यायला निघालीये तर झोप उडालीये माझी." मला स्वतःच्या श्वासाचा आवाजसुद्धा त्यांच्यापासून चोरल्यासारखा वाटला. हा त्यांचा शेवटचा सिनेमा होता. त्यातली पावलं टिकावीत, राक्षसाखाली चिरडली जाऊ नयेत, एवढंच त्यांना हवं होतं.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही दुपारच्या खेळाला गेलो. डावा कानही तोवर जवळजवळ गेला होता. पहिला अर्धा अप्रतिम होता. रिकामी खोली, वर बघणारी बाई आणि पावलं. चौथ्या पावलाला सगळं थिएटर गप्प झालं. काकांना ते ऐकू आलं नाही, पण पुढच्या रांगेतल्या माणसाने मान आखडून घेतली ती त्यांनी पाहिली, आणि माझा हात दाबला.

दिवे लागले. काका उठले नाहीत.

"काका, निघायचं ना?" मी खुणेने विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "आज बघतो. यांनी शब्द दिलाय." मी आजवर इतकी भुतं पाहिलीत, पण दुसऱ्या अर्ध्याची तेव्हा वाटली तशी भीती कधी वाटली नाही.

दहाव्या मिनिटाला गच्ची फुटली आणि राक्षस आला. सात मजले उंच, डोळ्यांतून आग, आणि मागे ढोल. नुसते ढोल. पावलांचा मागमूस नाही. काका माझ्याकडे झुकले आणि स्वतःचा आवाज ऐकू न येणाऱ्या माणसासारखे मोठ्याने म्हणाले, "माझी वाजतायत का गं?" चार माणसांनी वळून बघितलं. 'नाही' हा शब्द माझ्या ओठांवर होता. मी त्यांचा तळहात माझ्या मांडीवर घेतला आणि त्यावर बोटांनी वाजवलं. एक. दोन. तीन. थांबले. मग चौथं, घासत.

पस्तीस वर्षं पायाला पाय जुळवणाऱ्या माणसाला ही पावलं त्या धुडाची नाहीत हे कळणार नाही? त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्या बोटांकडे. मग डोळे मिटून घेतले आणि हात तसाच राहू दिला.

पुढचा तासभर मी त्यांना दुसरा अर्धा वाजवून दाखवला. मला गोष्टी रचता येत नाहीत. मी आपली चालवत राहिले. गच्चीतून जिन्यात, जिन्यातून सातव्या मजल्यावर, बाईच्या दाराशी. मग आत. मग ती झोपली होती त्या खोलीत. समोर इमारती कोसळत होत्या, शेजारचा पोरगा शिट्ट्या मारत होता, आणि मला माझ्याच बोटांची भीती वाटायला लागली होती. ती आता कोणाच्या उशाशी जाऊन थांबणार हे मला ठाऊक नव्हतं. काकांचा हात गार पडला होता. माझाही.

नावं सरकू लागली, दिवे लागले, लोक निघाले. मी वाजवलं. एक. दोन. तीन. चौथं ठेवायचा मला धीर होईना. बोट हवेत तसंच राहिलं. काका वाट बघत होते. मग त्यांनी हात उलटा केला, माझा तळवा धरला आणि चौथं त्यांनी स्वतः ठेवलं, अंगठ्याने, उशिरा, फरपटत. मी दचकले.

"घाबरलीस?" त्यांनी इतक्या मोठ्याने विचारलं की झाडूवालासुद्धा थांबला.

मी होकारार्थी मान हलवली. माझे डोळे भरून आले होते.

"मग झाला सिनेमा," काका म्हणाले, आणि उठायला त्यांनी माझा हात मागितला.