राज्याचं एक बाद मत

यमुनेचं लग्न झालं त्याच साली राष्ट्रपती निवडायचे होते. वैशाखात मांडव उतरला आणि आषाढात आमदारांनी मतं टाकली. आपल्या राज्यातल्या बहुतेक सगळ्यांनी ठरल्याप्रमाणे, मेंढरांसारखं खाली मान घालून एकाच बाजूला मत दिलं. एकच मत बाद झालं. त्या मताचा धनी म्हणून ठकाजी असवलेचं नाव गेली एकतीस वर्षं घेतलं जातंय. आता दुपारच्या उन्हात ओट्यावर भिंतीला टेकून बसलेल्या ठकाजीला पेंग येते आहे, आणि पेंगतानाही त्याला तेच आठवतं आहे.

मांडीवर एक कागद आहे. बापूसाहेब करंजकरांच्या शोकसभेत वाचायचं भाषण. पक्षाच्या तालुका कचेरीतून टाईप होऊन आलंय, आणि चार वाजता न्यायला जीप येणार आहे. बापूसाहेब म्हणजे नावाजलेले वकील, पक्षाचे विधानसभेतले नेते, आणि डोंगरातल्या राखीव जागेवर ठकाजीला आमदारकीला उभं करणारे. "तिथं मला एक गरीब, हो म्हणणारा माणूस हवा होता," असं ते ठकाजीच्या देखतच लोकांना सांगायचे. कागदात त्यांना अभ्यासू, निगर्वी आणि आदिवासींचे कैवारी म्हटलंय. यमुनेच्या लग्नाची पत्रिका हातात दिली तेव्हा या कैवाऱ्याने ती न वाचताच तिच्यावर सही ठोकली होती, खाली नेहमीची दोन टिंबं दिली होती आणि "साहेबांकडे पाठवून दे" म्हणून परत केली होती. डोंगरातला माणूस कागद आणतो तो अर्जच असणार. ठकाजी भाषण तिसऱ्यांदा वाचायला घेतो. 'निगर्वी'पाशी त्याचे डोळे मिटतात.

डोळे मिटतात तसा ओटा लांब होत जातो. शेणाने सारवलेल्या जमिनीवर लाल गालिचा उलगडतो आणि ठकाजी विधानभवनात रांगेत उभा असतो. मागेपुढे परीटघडीचे पांढरे कपडे, आणि प्रत्येकाच्या काखेत पोरांची पाटी. पुढचा माणूस मान वळवतो. बापूसाहेब आहेत. कडक टोपी, गळ्यात झेंडूचा हार, नाकपुड्यांत कापसाचे बोळे.

"काय ठकाजी, पाठ झालं का भाषण?" ते गेंगाण्या आवाजात विचारतात.

"बापूसाहेब, तुम्ही वारलात ना?"

"म्हणून काय नंबर सोडायचा?"

रांग हसते. हे हसणं ठकाजीच्या ओळखीचं आहे. तो बघतो तर गालिचा तोच, पण वर पंखे फिरताहेत, कोपऱ्यात चहाचे थर्मास आहेत. मतदानाच्या आधी आमदारांना ज्या हॉटेलात दोन दिवस कोंडून ठेवलं होतं, त्याचा हा हॉल. समोर फळा आहे. बापूसाहेब खडू हातात घेऊन समजावताहेत. नावापुढे आकडा काढायचा, कुठल्याही लिपीत चालेल, अक्षरात लिहायचा नाही. खूण नाही, रेघ नाही, सही तर अजिबात नाही, कारण मत कोणाचं ते कळलं की मत बाद. मग खडू ठकाजीच्या हातात येतो. त्याला फळ्यावर चाळीस वेळा एकचा आकडा काढायला लावतात.

ठकाजी अक्षरं शिकला सेहेचाळिसाव्या वर्षी, यमुना दुसरीत असताना, तिच्याच पाटीवर. ती सांगायची, बाबा, आधी गोल, मग खाली काठी. त्याचा एक जरा लांब होतो, काठीला शेपूट फुटतं.

"शेपूट आवर रे," बापूसाहेब म्हणतात. "शेजाऱ्याच्या घरात शिरेल."

हॉल हसतो. कोणी तरी बापूसाहेबांपुढेही सरावाचा कागद धरतो. ते त्याच्याकडे असे बघतात, की तो कागद आपोआप खाली जातो. वकिलाला काय शिकवायचं?

पुढचं सगळं ठकाजीला जागेपणीही पाठ आहे. मतं दिल्लीत मोजली. बाद मत कोणाचं ते कोणी सांगत नसतं. वार्ताहरांनी बापूसाहेबांना विचारलं तेव्हा तेही बोलले नाहीत, फक्त ठकाजीकडे बघून हसले. तेवढ्याने काम झालं. दुसऱ्या दिवशी पेपरात अंगठ्याचं व्यंगचित्र आलं. पुढल्या खेपेला तिकीट गेलं, त्याचं त्याला फार वाटलं नाही. पण यमुनेच्या पहिल्या दिवाळीला तिच्या सासरी पंगत बसली असता व्याह्यांनी रांगोळीची वाटी पुढे सरकवली आणि म्हणाले, "इवाई, एक कसा काढतात ते दाखवा ना आम्हाला." यमुना वाढत होती. तिच्या हातातली पळी थांबली, ती अजून त्याच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आणि त्याहून वाईट म्हणजे, हळूहळू त्यालाही तसंच वाटू लागलं. नक्की काढला होता ना नीट? शेपूट चौकटीबाहेर गेलं असेल का? आजही बांधावर एकटा असला की तो काठीने मातीत एक काढतो आणि वाकून बघतो.

हॉटेल आता नाही. मतदानाची खोली आहे, पण ती म्हणजे त्याच्याच अंगणातलं कोंबड्यांचं खुराडं आहे. बापूसाहेब टोपी सांभाळत, गुडघे मोडून आत शिरताहेत. ठकाजी त्यांचा हार मागून धरतो.

"ते मत कोणाचं होतं, बापूसाहेब?"

"आता काय त्याचं?"

"मला चार वाजता तुम्हाला निगर्वी म्हणायचंय. त्याआधी सांगा."

बापूसाहेब खुराड्यात उकिडवे बसतात. एक कोंबडी त्यांच्या बुटावर चोच मारते. ते खिशातून आपलं जाडजूड पेन काढतात, त्याचं टोपण काढतात, पुन्हा लावतात.

"सवय रे," ते म्हणतात. "कागद समोर आला. आकडा काढला. आणि हात पुढे गेला."

"सही केली?"

"केली."

"खाली दोन टिंबं?"

"तीही दिली."

ठकाजी त्या पेनाकडे बघतो. अख्ख्या राज्याला मत कसं द्यायचं ते शिकवणारा माणूस. साध्या पत्रिकेवर सही करणारा, हॉटेलच्या बिलावर, पोराच्या वहीवर, जे समोर येईल त्यावर सही करणारा. त्याला राग यायला हवा होता. पण या खुराड्यात बसलेल्या माणसावर राग धरायचा म्हणजे त्याला मोठं समजणं आलं.

"मग एकतीस वर्षं सांगितलं का नाही?"

"मी तुझं नाव कधी घेतलं नाही, ठकाजी. एकदाही नाही. लोकांना ते आपोआप पटलं, त्याला मी काय करू?" आणि हे खरोखर आपले उपकार आहेत अशा चेहऱ्याने ते वर बघतात. "कोणी विचारलंही नाही मला. माझ्यासारख्याकडून असं होईल असं कोणाला वाटणार?"

"माझा एक कसा होता?"

"सुरेख असणार. तू इतका घोटला होतास." कापसाचा बोळा घसरतो, तो ते पुन्हा बसवतात. "ते जाऊ दे. भाषण दाखव. काय लिहिलंय माझ्याबद्दल?"

ठकाजी कागद देतो. बापूसाहेब तो गुडघ्यावर पसरतात. वाचत नाहीत. त्यांचा हात आपणहून पेनाचं टोपण काढतो आणि कागदाच्या खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ऐटीत फिरतो. मग दोन टिंबं.

ठकाजीला हसू फुटतं. असं हसू, की खुराड्यातल्या कोंबड्या फडफडून बाहेर पळतात.

"बाबा, जीप आली." यमुना खांदा हलवते आहे. तिचे केसही आता पांढरे झालेत. फाटकापाशी हॉर्न वाजतो. "झोपेत हसत काय होतात?"

ठकाजी मांडीवरचा कागद उचलतो. 'आदिवासींचे कैवारी' या शब्दांच्या खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, निळ्या शाईची सही आहे. खाली दोन टिंबं. घरात निळ्या शाईचं पेन नाही, कोणतंच शाईचं पेन नाही. तो सहीवर अंगठा ठेवून बघतो. शाई ओली आहे, ती अंगठ्याला लागते.

"भाषण घेतलंत ना?" यमुना विचारते.

"ते बाद झालं."

तो कागद तिच्या हातात देतो. यमुना खालची सही बघते, मग वडिलांकडे बघते. तिने ती सही आपल्याच लग्नाच्या पत्रिकेवर पाहिलेली आहे.

"मग तिथं काय बोलणार?"

"सांगेन काय झालं ते. तूही चल. तुझ्या सासरचे येणार आहेत का?"

"येणार आहेत."

"बरं झालं," म्हणत ठकाजी चपला चढवतो. उतरताना तो काठीच्या टोकाने अंगणातल्या धुळीत एक काढतो. गोल, मग काठी. शेपूट जरा लांब झालंय. तो त्याच्याकडे वाकून बघत नाही, ओलांडून जीपकडे जातो.

बापूसाहेब करंजकर, वय सत्त्याऐंशी, नऊ जुलैला मंगळवारी सकाळी राहत्या घरी वारले.