उतारावरची हाक

यशोधरा नवऱ्याचं नाव घ्यायची ती फक्त हवेत असताना. जमिनीवर असली की "अजी, ऐकलं का" किंवा "दीप्तीचे बाबा." शेजारच्या तरुण सुना नवऱ्याला खुशाल नावानं हाका मारतात, त्याला तिची हरकत नव्हती, तिच्या स्वतःच्या तोंडून तेवढं निघत नसे. पण तिला पाळण्यात बसवा, पाळणा वरून खाली सुटू द्या, की ही बाई सगळ्या गर्दीला ऐकू जाईल अशी ओरडणार, "प्रेमानंऽऽद!"

पहिल्यांदा हे झालं ते लग्नानंतरच्या हिवाळ्यात, कस्तुरचंद पार्कवरच्या मीना बाजारात. आकाशपाळण्यात ती एकटीच बसली, कारण प्रेमानंदला उंचीची भारी धास्ती. सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनात आजही तो सरकत्या जिन्यावर जीव मुठीत धरून उभा असतो. तर तो खाली तिच्या चपला हातात घेऊन ताटकळला होता आणि वरून त्याचं नाव आलं. बायको आपलं नाव असंही घेऊ शकते हे कळल्यावर तो गडी चपलांसकट विरघळला.

तेव्हापासून तिला पाळण्यांचं वेडच लागलं. आधी जत्रेतले, मग रोलर कोस्टर. शाळेचे गणवेश शिवून पैसे जमवायचे, सुट्टी लागली की गाडीत बसायचं आणि खोपोलीचा नाहीतर हैदराबादचा करमणुकीचा पार्क गाठायचा. इतर बायका देवळं नि साड्या बघून येत, ही उतार मोजून येई. खाली आली की चपला पायात सरकवता सरकवता एकच विचारायची, "आलं का ऐकू?"

"आलं," तो म्हणायचा.

गेली दोन वर्षं हे खोटं होतं.

बुटीबोरीतल्या एका कापड कारखान्यात, मागांच्या खडखडाटात त्याची उमर गेली. कानात घालायला बोळे मिळत, पण बोळे घातले की माग बिघडल्याचा आवाज कळत नाही, म्हणून तो ते खिशात ठेवी. आता बोळे शाबूत होते आणि कान गेले होते. डाव्या कानाला थोडंफार समजे. उजव्यात रातकिड्यांनी बिऱ्हाड थाटलं होतं. घरात त्यानं नाना युक्त्या केल्या. दीप्तीचा पुण्याहून फोन आला की "तुह्या मायशी बोल" म्हणून मोकळा व्हायचा. एकदा यशोधरानं भाजीत मीठ बरं आहे का विचारलं, तर यानं सांगितलं, "रविवारी." ती हसली म्हणून तोही हसला, आणि वेळ निभावली.

सांगून टाकायला काय झालं होतं, असं कुणीही म्हणेल. पण त्याला भीती बहिरेपणाची नव्हतीच. हिला कळलं तर ही पाळण्यात बसायची नाही, ही खरी भीती होती. ज्याला हाक मारायची त्यालाच ऐकू येत नसेल, तर ओरडायचं कुणासाठी? तिचा एवढा एक आनंद आपल्या कानांपायी जाईल, आणि आपलं नाव पुन्हा कुणी तसं घेणार नाही, म्हणून तो "आलं" म्हणत राहिला.

आणि नेमका वर्धा रोडला, बुटीबोरीच्याही पुढे, नवा पार्क उघडला.

दिवाळीनंतरच्या रविवारी दोघं तिथं पोचले. यशोधरानं त्या कोस्टरचे व्हिडिओ इतके पाहिले होते की रांगेतल्या कॉलेजच्या पोरींना तीच कुठं पोटात गोळा येतो ते समजावत होती. तिनं ओढणी पिनांनी पक्की केली, चष्मा आणि चपला नवऱ्याच्या हवाली केल्या आणि गेली. जाताना मात्र तिनं वळून त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

तो कठड्याला धरून उभा राहिला. गाडी चढू लागल्याचं त्याला हातातून कळलं. कठडा बारीक थरथरत होता. कान देऊन ऐकलं. रातकिडे. गाडी माथ्यावर पोचली, जरा थबकली, आणि सुटली. आजूबाजूच्या लोकांची तोंडं उघडी होती, म्हणजे आरडाओरडा चालला असणार. त्यानं डावा कान वर केला, श्वास रोखला. काही नाही. तेवढ्यात हातातली एक चप्पल खाली पडली. ती उचलेपर्यंत गाडी दुसऱ्या वळणावर होती. उत्तर तर तयारच होतं, पण ते आज तोंडातून नीट निघेल का, याचीच त्याला धाकधूक.

ती आली. ओठ हलले तसा त्याला नेहमीचा प्रश्न कळला.

"आलं ना वं! काय जोऱ्यानं घेतलं आज नाव!"

ती काहीतरी म्हणाली. तो म्हणाला, "हो, हो." मग ती त्याच्या डाव्या कानाशी आली.

"मी या खेपेले ओरडलीच नाही."

प्रेमानंदनं घाईघाईनं तिच्यापुढे चपला धरल्या.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"दोन वर्षं झाले."

"म्हणजे हैदराबादलेही नाही?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"मंग मी तिथं वर कोणाले हाका मारून राहिली होती?"

तो चपलांकडे पाहत राहिला. "तुले सांगतलं असतं तर तू बसणंच सोडलं असतं," तो कसाबसा बोलला. तिनं चष्मा घेतला, पुसला, घातला. आता ही घरी चला म्हणणार, संपलं सगळं, असं त्याला वाटलं.

"चला," ती म्हणालीच. पण त्याचं मनगट धरून तिनं त्याला रांगेकडे ओढलं. "माह्या बाजूले बसा."

"मी? पागल झाली का? अन् चपला कोण धरन?"

तिनं बोट दाखवलं. रांगेच्या तोंडाशी चपला ठेवायला खण केले होते, चांगले नंबर टाकलेले. असे खण सगळीकडेच असतात, हे त्याला आज कळलं. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.

ती त्याच्या डावीकडे बसली. छातीवर दांडा आला तसा त्यानं डोळे मिटले, आणि गाडी चढत राहिली, चढतच राहिली. एकदा चुकून डोळा उघडला तर दूरवर बुटीबोरीची धुराडी दिसली. मग खालची जमीनच निघून गेली. पोट घशात आलं, आणि त्याच वेळी डाव्या कानावर तिचा गरम श्वास लागला. रातकिड्यांच्या मागून बारीक काहीतरी आल्यासारखं झालं. की ती मीना बाजारातलीच आठवण होती, ते त्याला कळेना.

दोघं खाली उतरली. ती त्याच्यासमोर उभी राहिली, आणि दिसेल असं, सावकाश तिनं विचारलं, "आलं का?"

सवयीनं "आलं" जिभेवर आलंच होतं.

"नाही आलं वं," तो म्हणाला. "चपला राहू दे तिथंच. अजून एकदा बसू."