भरीत गरम पोचलं पाहिजे

शमीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, आणि तिच्या घराची खिडकी मला समोर दिसत होती. मध्ये फक्त हायवे. पण आमच्या जळगावात हायवे 'फक्त' नसतो. रिक्षा करून आधी उलट दिशेला चौकापर्यंत जायचं, तिथे ट्रकांच्या मागे ताटकळायचं, मग वळून परत... पोचले तेव्हा तिला नेलं होतं. जिचं अर्धं आयुष्य हा रस्ता ओलांडता यावा म्हणून भांडण्यात गेलं, तिचं तोंड शेवटचं पाहायला त्याच रस्त्याने मला उशीर केला. मी दुःखाने रडतेय असं लोकांना वाटलं. खरं तर मी संतापाने रडत होते.

आम्ही एकाच गल्लीतल्या. हायवे रुंद झाला, मध्ये लोखंडी कठडे आले आणि गल्लीचे दोन तुकडे झाले. शाळा आणि गिरणी आमच्या बाजूला, मशीद आणि भाजीबाजार तिच्या. शमीम धुळ्याच्या एका ऑफिसात नगररचनेचं काम करायची, एसटीने जा-ये करायची आणि आल्यावर माझं डोकं खायची. अधिकाऱ्यांनी जिन्यांचा पूल सुचवला, तर ही म्हणे, "गुडघे दुखणाऱ्या बायांनी काय खाली उभं राहून हात हलवायचे?" तिला रस्ताच वर उचलायचा होता आणि खालून, जुन्या गल्लीच्या सरळ रेषेत, वाट हवी होती. रुंद, वरच्या दोन रस्त्यांमधल्या फटीतून उजेड येणारी, तोंडाशी चहा-भाजीच्या टपऱ्या असलेली, म्हणजे बाईमाणसाला एकटीने जायला भीती नको. मला हे सगळं तोंडपाठ झालं होतं. आमचे हे तर ती दारात दिसली की चपला घालून बाहेर पडायचे.

तिची कसोटी मात्र एकच. पूर्वी मी भाजलेली वांगी लाकडी बडगीत ठेचली की भरिताचा डबा तिच्याकडे जायचा, आणि तिच्याकडून तो कधी रिकामा यायचा नाही. "सुनंदा, तुझं भरीत माझ्या ताटात गरम पडलं, तर गल्ली एक. नाहीतर हे नकाशे घाल चुलीत." एकदा तिने एका साहेबांच्या हातात खरोखरच माझ्या स्वयंपाकघरातून डबा दिला आणि त्यांच्याच जीपने त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. वळसा घालून ते पोचले, घास घेतला, म्हणाले, "थंड झालंय हो."

"तेच तर सांगतेय, साहेब, इतकी वर्षं!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुण्याला थंड भरीत! त्यावरून आम्ही कितीतरी दिवस बोललो नाही.

शेवटी तिचा नकाशा मंजूर झाला, वाट बांधून झाली, दिवे लागले... आणि दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले. का, तर उद्घाटनाला पाहुण्यांची तारीख मिळेना! ती अंथरुणाला खिळली तरी रोज फोन करायची, "पत्रे निघाले?" शेवटच्या फोनवर मी चिडून म्हटलं, "निघाले की सांगेन ना, बाई!"

तिचा डबा माझ्याकडेच राहिला होता. त्यातून आलेली खीर आम्ही कधीच संपवली होती. गेल्या आठवड्यात वांगी भाजली, डबा भरला, पदराखाली धरला आणि सरळ पत्र्यांपाशी गेले. राखणदार म्हणाला, "मावशी, रस्ता बंद शे. उद्घाटन बाकी शे."

"मग आत्ता झालं असं समज."

त्याने माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि पत्रा सरकवला. डोक्यावरून ट्रक जात होते, वरून उजेड पडत होता, आणि मी नीट चालायला लागते न लागते तोच पलीकडचा पत्रा आला. तो मी स्वतःच ढकलला, आणि समोर तिची गल्ली. एवढंच होतं...

तिच्या नवऱ्याने, रफीकभाईंनी, झाकण उघडलं. त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली. तो पुसायला त्यांनी बराच वेळ घेतला.

"गरम आहे," ते म्हणाले.

निघताना त्यांनी भरीत काढून घेतलं, डबा धुतला, त्यात मूठभर साखर घातली आणि तो पुन्हा माझ्याच हातात दिला. आता बसा! तो रिकामा परत कसा करणार? पत्रे तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घट्ट ठोकलेत. ठोकू देत. वांगी आणून ठेवली आहेत.