काशीरामचा डावा कौल

...तेच तर सांगतेय गो सानवी, मला तो कौल तेव्हाच खोटा वाटला. देवावर संशय नाय, माझ्या भावावर. लिही तू, आजीचं बोलणं पुसू नको.

काशीराम माझा धाकटा भाऊ, जयगडकडच्या आमच्या गावाचा गुरव. उभा जन्म कौल लावण्यात गेला. ओल्या पाकळ्या देवाच्या दगडाला चिकटवायच्या नि गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको. कुणाचं लग्न, कुणाची विहीर, सगळं त्याच्या हातून ठरलं. गाऱ्हाणं असं खणखणीत, की बाहेर चरणारी गुरं मान वर करायची.

यंदा त्याच्या लिवरात कॅन्सरची गाठ निघाली. एकच असली तर कापता येते, आणखी लपलेल्या असल्या तर नाय. त्याचा मुलगा सुजय मुंबईला असतो. तो बोलला, "बाबा, इथल्या हॉस्पिटलात नवी तपासणी करून बघतायत. सुईतून धुळीहून बारीक कण सोडतात. ते जाऊन कॅन्सरला चिकटतात, मग मशीनच्या फोटोत लपलेली गाठपण दिसते."

दुसऱ्या दिवशी काशीराम माझ्या पडवीत हजर. "बाय, देव नको बोलला."

"समोर कोण होता?"

"कोण कशाला पायजे?"

"मेल्या, विचारणारा तू, लावणारा तू, बघणारापण तूच? उजवी पाकळी दाबून लावलीस ना?"

तो हळूच बोलला, "पाकळी मी काढतो गो. आत चिकटलेले ते कण कोण काढणार?"

शंका मलापण होतीच. सुजयला फोन केला, त्याने हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंना दिला. काशीरामने विचारलं, "कण दुखण्यालाच चिकटला कशावरून?"

"काका, कधी भलत्या जागीपण चिकटेल. म्हणून तर अजून तपासतोय. नेहमीच्या तपासण्यापण करणार. कण शरीर हळूहळू बाहेर टाकतं. पण नको वाटलं तर सरळ नाही म्हणा."

काशीरामने फोन ठेवला. "चुकेल बोलते गो ती. मी जन्मात कुणाला बोललो नाय, कौल चुकेल म्हणून." नि घरी जाऊन मुंबईसाठी पिशवी भरायला घेतली.

आता तपासणी झाली. सुजय फोनवर बोलतो, एकच गाठ दिसली, कापणार. पण हा पोरगा लहानपणापासून वाईट बातमी गोड करून सांगणारा. फोटो दाखव म्हटलं तर बोलतो, "आत्ये, तुला काय कळणार त्यातलं?" अरे, ठिपका एक की चार, एवढं कळतं मला!

नि तिकडे फोन सुजयच्याच हातात, म्हणून हे लिहून घेतलंय. कुणी मुंबईला जाणारं असेल, तर काशीरामला एवढं सांगा: डॉक्टरीणबाईंच्या शेजारी बसून फोटो तुझ्या डोळ्यांनी बघ, मगच कापायला हो म्हण. सुजय बोलला म्हणून नको. नि देवळाची चावी माझ्याकडे हाय. तू येईपर्यंत कुणाला कौल लावू देणार नाय.