बुवा, कळवा

माझ्या आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षं काळ्या अक्रोडाच्या झाडाखाली गेली. हे वाक्य मी कुठल्याही मराठी घरात उच्चारलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी सहानुभूती येते आणि मग प्रश्न येतात. अमेरिकेच्या मध्यभागी एका विद्यापीठात मी या झाडावर पीएचडी केली. आता सिंगापूरला, बुओना व्हिस्टाच्या एका प्रयोगशाळेत, मी बुरशीवर काम करते, आणि या बेटावर काळ्या अक्रोडाचं झाड मी तरी पाहिलेलं नाही. पण बुरशीत कोणाला रस नसतो. हळदीकुंकू असो नाहीतर गणपतीची आरती, कोणीतरी प्रसादाची वाटी सावरत अक्रोडाचं विचारतंच.

प्रश्न ठरलेले. काळा म्हणजे खराब झालेला का? नाही, जातच वेगळी. आपण खातो तो निराळा. हा चवीला उग्र, आणि कवच असं की अमेरिकेत लोक त्यावरून सरळ गाडी नेतात. त्याने केस काळे होतात का? केसांचं नंतर बघू, हात आधी होतात. फळाची हिरवी साल सोलली की बोटं काळी पडतात आणि मग कुठल्याही साबणाला भीक घालत नाहीत. माझ्या साखरपुड्याच्या फोटोत मी कोळशाच्या वखारीतून थेट पाटावर येऊन बसल्यासारखी दिसते. सासूबाईंनी तेव्हा काही विचारलं नाही, हे त्यांचे उपकार. स्मरणशक्ती वाढते का? मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला, या हिशोबाने राजम्याने आजवर कितीतरी मूत्रपिंडं सुधारायला हवी होती.

आणि शेवटी, खालच्या आवाजात, उपासाला चालतो का? या प्रश्नावर मी हसत नाही. बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा, ते दोघं आले आणि उपासाला चालले. या बिचाऱ्यानेच काय पाप केलंय?

एकच प्रश्न खरा माझ्या विषयातला. त्या झाडाखाली दुसरं काही उगवत नाही म्हणतात, ते खरं का? अर्धं खरं. मुळांतून आणि पानांतून एक द्रव्य जमिनीत झिरपतं, त्याने टोमॅटो मान टाकतो. मका मात्र शेजारी मजेत वाढतो. टोमॅटो का मरतो, एवढ्यावर माझी पीएचडी उभी आहे. आई म्हणायची, त्यापेक्षा टोमॅटो दुसरीकडे लावावा, हे तुला मंडईतल्या कोणीही फुकट सांगितलं असतं.

आई गेली, त्याच्या पुढच्या वर्षी बाबा आमच्याकडे वुडलँड्सला आले. येताना परतीचं तिकीट काढूनच आले. ते आता इथेच राहावेत असं मला वाटत होतं. पुण्याच्या त्या फ्लॅटमध्ये एकटा माणूस बाथरूममध्ये पडला तर शेजाऱ्याला कळणार कधी, हा विचार मला बसू देत नव्हता. पण हे बोलून दाखवायची आमच्या घरात पद्धत नाही. आमच्या घरात माणसाला थांबवायचं असेल तर त्याला काम लावून देतात. म्हणून मी कुंड्या आणल्या, नातीला मराठी शिकवायचं त्यांच्यावर सोपवलं. नातीने पहिल्याच दिवशी, “आजोबा, ळ cannot lah,” असं सांगून विषय मिटवला.

त्याच सुमारास माझी अमेरिकेतली मैत्रीण इथून जाताना भेटली आणि आठवण म्हणून खायला मूठभर काळे अक्रोड देऊन गेली. बाबांनी मुलीच्या पीएचडीचा विषय पहिल्यांदाच हातात धरून पाहिला. मग आपला अडकित्ता काढला. तो आजोबांपासून चालत आलेला, पितळी मुठीचा. पहिल्याच अक्रोडाला त्याचं पातं तुटलं. आता प्रश्न इभ्रतीचा झाला होता. त्यांनी कॉरिडॉरमध्ये बैठक मारली आणि हातोडी घेतली.

दोन-चार घाव बसले असतील नसतील, शेजारच्या मलय काकू दार उघडून बाहेर आल्या. त्या आवाजाची तक्रार करायला आल्या होत्या, पण फोडलेल्या काळ्या कवचांकडे बघून त्यांचं मन वळलं. त्यांच्याकडे अशाच एका काळ्या कठीण बीचं कालवण करतात. त्यांनी बोट दाखवून तिचं नाव घेतलं, “बुआ क्लुआक?” बुआ म्हणजे मलयमध्ये फळ. बाबा आयुष्यभर टेलिफोन खात्यात होते आणि आता त्यांना कमी ऐकू येतं. त्यांनी आदराने मान डोलावली आणि आत येऊन मला म्हणाले, “शेजारीण सज्जन आहे. म्हणाली, बुवा, कळवा. पण काय कळवायचं ते काही बोलली नाही.”

मी हसून हसून खाली बसले. आई गेल्यावर बाबांसमोर मी अशी हसले नव्हते, आणि तेही मग हसले. त्या दिवसापासून आमच्या घरात अक्रोडाचं नाव बुवा पडलं.

फोडाफोडीतून एक बुवा वाचला, तो पेरायचा असं बाबांनी ठरवलं. इथून त्यांचे प्रश्न सुरू झाले. इथे उगवेल का? उगवला तरी टिकणार नाही, म्हटलं. त्याला खरा हिवाळा लागतो आणि इथे बारा महिने एकच ऋतू, घामाचा. मग हिवाळा देता येईल का? येईल, ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये ठेवायचा, तीन-चार महिने. बी चांगलं आहे हे कसं ओळखायचं? पाण्यात टाकायचं. बुडालं तर भरलेलं, तरंगलं तर पोकळ. ते फेकून द्यायचं.

तीन-चार महिने म्हणताना मी मनातल्या मनात त्यांच्या तिकिटाची तारीख ओलांडून गेले होते. झाड जगेल की मरेल याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. फ्रिजमध्ये बी ठेवलेला माणूस ते उगवायच्या आधी उठून जात नाही, एवढंच माझं वनस्पतिशास्त्र.

बाबांनी बाथरूममध्ये बादली भरली, बुवांना पाण्यात सोडलं आणि चष्मा आणायला गेले. मी डोकावून पाहिलं. बुवा निवांत तरंगत होते. मी हळूच सटकले आणि स्वयंपाकघरात कणीक मळायला घेतली. थोड्या वेळाने बाबा नॅपकिनमध्ये काहीतरी गुंडाळून आले आणि म्हणाले, “बुडाला.” मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला हवं, असं माझ्या मनात आलं. तोंडाने मी म्हटलं, “अरे वा.”

वाळू आणि बुवा श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात गेले. मराठी घरातल्या फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड सोडून काहीही असू शकतं, हे माझ्या नवऱ्याला जन्मापासून ठाऊक असायला हवं. पण तो दिवसभर तांजोंग पगारच्या ऑफिसात बसून माणसांवर विश्वास ठेवायला शिकलाय. पाडव्याच्या सकाळी त्याने थेट चमचा घातला. वाळूचा घास चावल्यावरही सासऱ्यांसमोर त्याने तो थुंकला नाही, आणि त्याच्याबद्दल माझं मत तेव्हापासून बरंच सुधारलंय.

तिकिटाची तारीख जवळ आली. बुवा उठले नव्हते, म्हणजे कोंब फुटला नव्हता. जास्त दिवस राहायच्या पासची चौकशी मी करून ठेवली होती, आणि एकदा जेवताना विषय काढलाच. “बाबा, अजून बुवांचं व्हायचंय. थांबा ना.” बाबांनी आमटी संपवली. आता हा माणूस हिवाळ्याबद्दल, मुळांबद्दल, परक्या मातीबद्दल काहीतरी बोलणार आणि मी रडणार, अशी माझी तयारी झाली होती. ते म्हणाले, “इथे सकाळी आपला पेपर येत नाही गं. हातात धरायला.” पेपर ते वाचतात कमी आणि घडी घालतात जास्त, पण घडी घालायलाही पेपर लागतो. ते गेले. विमानतळावर मला खूप राग आला होता, आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं, म्हणून ट्रॉलीवर काढला.

बाबा पुण्याला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघाले होते, एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभी होते, तेव्हा त्यांचा मेसेज आला. “बुवा उठले का? कळवा.” मी लिहिलं, “अजून नाही.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजच. तब्येतीची चौकशी नाही, नातीची नाही, जेवलात का नाही. मीही तेवढंच उत्तर द्यायचे. काळ्या अक्रोडाबद्दल इतक्या लोकांनी इतके प्रश्न विचारले, पण एकच प्रश्न इतक्या चिकाटीने कोणी विचारला नव्हता. आणि उत्तर मला बादलीच्या दिवसापासून माहीत होतं. डबा मी कधीच उघडत नव्हते. वाळू तेवढी झाकणाच्या फटीतून ओली करायचे, का ते विचारू नका.

तीन महिने झाले, चार झाले. माझ्याकडचा कोणी विद्यार्थी असलं बी इतके दिवस फ्रिजमध्ये ठेवून बसला असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण मेसेज येत होता, म्हणजे बाबा उठलेले होते, चष्मा सापडलेला होता, बोटं चालत होती. मला दुसरं काही कळवून घ्यायचंच नव्हतं.

आणि एका सकाळी तो आला नाही.

गाडी सुटली, मधली स्टेशनं गेली, मी फोनकडेच बघत होते. फोन लावला, वाजून वाजून थांबला. बुओना व्हिस्टाला उतरून पुन्हा लावला. पुण्यातल्या शेजाऱ्यांना लावला, ते मुलाकडे गावाला गेलेले. बाथरूमची ओली फरशी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. प्लॅटफॉर्मवर लोक माझ्या अंगावरून जात होते आणि मी, शिकलेली बाई, कुळदैवताला काहीबाही कबूल करत होते.

पुढच्या खेपेला बाबांनी फोन उचलला. पेपर आणायला कोपऱ्यावर गेले होते, म्हणे, पोरगा टाकून गेला नाही. फोन घरी. मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मेसेज करायला काय झालं होतं, हे मात्र मी पुन्हा पुन्हा विचारलं.

बाबा म्हणाले, “अगं, तो तरंगला होता.”

मी प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसले.

“तू बघून गेलीस ते मला दिसलं होतं. दारातच होतो मी. म्हटलं, पोरीला मी थांबावंसं वाटतंय, तर बुडाला म्हणू.” खोकले. “पण रोज सकाळी तुला ‘अजून नाही’ लिहायला लावायचं, म्हणजे रोज खोटं बोलायला लावायचं. म्हटलं, एक दिवस सुट्टी द्यावी.”

“मला सुट्टी नकोय,” मी म्हटलं. “तुम्ही कळवत जा.”

“काय कळवू?”

मी तोंड उघडलं. गाडी आली, आवाज झाला, आणि त्यांना तसंही कमी ऐकू येतं.

संध्याकाळी मी श्रीखंडाचा डबा रिकामा केला. बुवा हलके झाले होते, कवचाच्या सांध्यावर बुरशी चढली होती. लेकीने विचारलं, “Dead ah?” मी हो म्हटलं. डबा धुऊन पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या गाडीत होते. फोन वाजला. बाबांचा मेसेज, दोनच शब्द.

“बुवा उठले.”