चार काळ्या वायरी आणि एक बीएस्सी

तांबडी वायर फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची, हे मला तोंडपाठ आहे. आमच्या घरातल्या वायरींना मात्र ते कुणी शिकवलं नव्हतं.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बीएस्सी, फिजिक्स, सेकंड क्लास. (घराण्यात त्याहून वरचा क्लास अजून कुणी काढलेला नाही, तेव्हा पहिलाच धरा!) बिबवेवाडीतल्या आमच्या गल्लीचे निम्मे फॉर्म मी भरून देतो. माझं पदवीचं प्रमाणपत्र बाहेरच्या खोलीत फ्रेम करून टांगलंय. खिळा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः ठोकला. अण्णा शाळेत दोनच वर्षं गेले, पण लग्नाच्या मांडवांना लायटिंग करण्यात त्यांचा जन्म गेला. आमच्या घराचं वायरिंगही त्यांनीच केलेलं.

गोष्ट त्या रविवारची. माझ्या बायकोने, सुजाताने, शाळेतली नोकरी सोडून घरी गणिताचा क्लास काढायचं ठरवलं होतं. पहिली बॅच संध्याकाळी पाच वाजता, मुलं सात, सगळी सहावीची. अडचण एकच. बाहेरच्या खोलीला खिडकी नाही, आणि जुना बल्ब असा की त्याच्या उजेडात समोरचा माणूस नातेवाईक आहे की परका एवढंच कळावं. त्यात पहिल्या दिवशी शिंदेबाई स्वतः मुलाला घेऊन येणार होत्या. शिंदेबाईंनी नाक मुरडलं की अख्खी गल्ली मुरडते. म्हणजे क्लास चालणार की बसणार, हे दिव्यावर!

तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानातून छताला बसवायचा गोल, पत्र्याचा एलईडी दिवा आणला. दुकानदाराने विचारलं, "बसवायला माणूस आहे का?"

"मी बीएस्सी आहे," मी म्हणालो.

"मग माणूस लागेलच," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी अण्णा टेस्टर पुसून तयार होते. "मी चढतो, तू स्टूल धर."

"अण्णा, गुडघे बघा तुमचे. मी करतो ना! फिजिक्स शिकलोय मी."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग फ्रेमकडे पाहिलं. टेस्टर खिशात घातला. "बरं. मग मी दाढी करून येतो. वर खुणा केल्यात मी, तेवढ्या बघून घे."

मी मेन स्विच बंद केला (इतपत शिक्षण झालंय), स्टुलावर चढलो आणि छतातलं खोकं उघडलं. आत चार वायरी. चारही काळ्या! मांडवाच्या उरलेल्या वायरीत घर उरकलेलं. मी खुणा शोधल्या. रंग नाही, चिकटपट्टी नाही, अक्षर नाही. नुसत्या कुठे कुठे गाठी मारलेल्या. सुशिक्षित माणसाला असलं गबाळं काम बघवत नाही. मी एकेक गाठ नखाने सोडवली, वायरी सरळ केल्या आणि विंचरल्यासारख्या एका ओळीत लावल्या.

"किती छान दिसतंय बघ!" मी खाली ओरडलो.

"छान दिसतंय, पण कुठली कशाची?" सुजाताने विचारलं.

हा प्रश्न तिने गाठी सोडायच्या आधी विचारायला हवा होता.

टेस्टर अण्णांच्या खिशात, अण्णा सलूनमध्ये आणि फोन त्यांचा कॉटवर. मग मी बुद्धीवर भिस्त ठेवली. पहिली जोडणी केली, मेन लावला. काहीच नाही. दुसरी जोडणी केली. खट्! मेन पडला, आणि स्वयंपाकघरातून आई ओरडली, "मिक्सर मेला का रे?"

"मिक्सर ठीक आहे, आई! मी बघतोय!"

"तू बघतोयस म्हणूनच विचारलं!"

पाचला दहा मिनिटं होती. तिसरी जोडणी केली, मेन लावला आणि दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. दाराची बेल मात्र अशी कोकलली की मी स्टुलावर आदळलो. बटण बंद केलं, बेल बंद. परत चालू केलं, परत बेल!

"कोण आलंय?" आतून आई.

"कुणी नाही, दिवा आहे!"

तेवढ्यात खरंच कुणीतरी आलं. बाहेरून बेल दाबली आणि खोलीत लख्ख उजेड पडला! आवाज शून्य. बोट सुटलं, अंधार. परत दाबलं, उजेड. बाहेरून शिंदेबाईंचा आवाज!

"अहो, बेल बंद आहे का तुमची?"

"बेल चालू आहे! तुम्ही सोडू नका!" मी आतून ओरडलो. "दाबून ठेवा! अशाच उभ्या राहा!"

सुजाताने दार उघडलं. शिंद्यांच्या मुलासकट सातही मुलं रांगेने आत येऊन सतरंजीवर बसली. शिंदेबाई दाराबाहेर, बोट बेलवर.

"मला एक सांगा," त्या म्हणाल्या, "क्लास रोज एक तास आहे. रोज मीच दाबायची, की पालकांच्या पाळ्या लावणार?"

सुजाताने माझ्याकडे पाहिलं. तिच्या त्या नजरेला मेन स्विच नाही.

इतक्यात जिन्यात अण्णा. गुळगुळीत दाढी, पावडर वगैरे. "बोट काढा बाई, दुखेल," म्हणाले आणि आत आले. वर पाहिलं. "गाठी कुठायत?"

"त्या... सोडल्या मी. घाण दिसत होत्या."

अण्णांनी सरळ केलेल्या वायरींवरून नजर फिरवली. मग हळूच म्हणाले, "मला तेव्हा कुठं लिहिता येत होतं? एक गाठ दिव्याची. दोन गाठी बेलच्या. बिनगाठीची न्यूट्रल. तीन गाठी अर्थिंगच्या. अर्थिंगला हात लावला तरी काही होत नाही, रोज तिचा काही उपयोग दिसत नाही. पण घराला असावी लागते."

मला स्टुलासकट जमिनीत जावंसं वाटलं.

मेन बंद झाला. आईने बुद्धवंदनेच्या मेणबत्त्या आणून लावल्या. अण्णा टेस्टर घेऊन स्टुलावर चढले, मी स्टूल धरलं. (आधीच धरलं असतं तर!) शिंदेबाई हाताची घडी घालून उभ्या. आता त्या मुलाला घेऊन निघणार, असं वाटलं. आणि सुजाताने फळ्यावर खडूने चार रेघा मारल्या.

"मुलांनो, चार वायरी आहेत. दोन-दोन घेतल्या, तर जोड्या किती होतील?"

मुलं छताकडे बघून बोटांवर मोजायला लागली. शिंद्यांचा मुलगा सगळ्यांत आधी ओरडला, "सहा!"

"शाब्बास! काकांनी तीन करून बघितल्या. राहिल्या किती?"

"तीन!" सातही जण.

"आणि अजून काकांना उत्तर आलेलं नाही," शिंदेबाई म्हणाल्या, आणि आत येऊन चक्क खुर्चीवर बसल्या. मुलाचं उत्तर बरोबर आल्यावर कुठली आई जाते?

अण्णा मधून मधून "मेन लाव, बंद कर" सांगत होते. दहा मिनिटांत त्यांनी चारही वायरी ओळखल्या, पुन्हा गाठी मारल्या, दिवा जोडला. मी मेन लावला, सुजाताने बटण दाबलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या आठवड्यात क्लासला अकरा मुलं झाली. गल्लीत त्याचं नाव आता 'वायरवाल्या बाईंचा क्लास' आहे.

छताची धूळ माझ्या प्रमाणपत्रावर पडली होती. अण्णांनी त्याच संध्याकाळी ते उतरवून पुसलं आणि परत टांगलं. परवा जळमटं काढताना मी ती फ्रेम खाली घेतली. मागच्या दोरीला अण्णांनी बेताने, एकाखाली एक, गाठी मारल्या आहेत.

तीन. या वेळी मात्र मी त्या सोडल्या नाहीत.