हंसाबाईच्या हेडफोनमधले सहा व्होल्ट

...तर मन्सूर नमाजहून परतला तोवर मी उद्योग करून बसलो होतो. काल तुम्ही जेवायला उठलात अन् गोष्ट इथंच राहिली.

मन्सूर म्हणजे फुलसावंगीच्या कापूस खरेदी केंद्रावरचा भोंगेवाला. दोन हजार पाच-सहाचं साल. भाव पडलेले, गाड्यांची रांग चार-चार दिवस हलायची नाही, अन् हलली की नंबर भराभर सरकायचे. बॅटरीवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवरून नंबर पुकारला जायचा. दोनदा पुकारून गाडी आली नाही, की ती रांगेच्या शेपटाला.

रांगेत माझ्या पुढंच हंसाबाईची कापसाची गाडी होती. तिला ऐकू कमी यायचं. आदल्या हंगामात शेजाऱ्याच्या भरवशावर राहिली अन् नंबर हुकला. म्हणून यंदा तिनं पुतण्याचा, संघदीपचा, हेडफोन आणला होता. कानाला चिकटून आवाज आला तर तिला कळायचं. "नमाजहून येतो, मंग लावून देतो," असं सांगून मन्सूर गेला. पुकारायला केंद्राचा बाबू बसला.

तिचा नंबर एकशे शहाण्णव. पुकारा एकशे ऐंशीवर. ती घटकेत उठे, घटकेत बैलांची वेसण धरे. मलाही बसवेना. मी सातवी पास, वायरी जोडता येतात असा माझा समज! हेडफोनच्या डाव्या कानाची एक तार भोंग्याच्या तारेला जोडली, दुसरी बॅटरीच्या काळ्या टोकाला. आवाज आला. बाई हसली. मिनिटभरानं म्हणाली, "दादा, डावा कान गरम लागून राह्यला." मग जळका वास.

तेवढ्यात मन्सूर आला अन् त्यानं तार उपटली. मीटर लावला. सहा व्होल्ट! भोंग्याच्या दोन्ही तारांवर ते सारखेच उभे असतात, म्हणून भोंग्याला त्याचं काही नाही. मी एक टोक बॅटरीला नेलं, अन् सगळी वीज हेडफोनच्या केसाएवढ्या तारेतून धावली. त्यात संघदीपचा हेडफोन कमी ओहमचा, म्हणजे वीज जास्तच ओढणारा. डावा गेला होता. उजवा अजून जिता होता.

"उजवाच लाव ना बाप्पा," मी म्हणालो. "एकशे नव्वद झाला."

"अन् तोही जाळू?"

त्यानं खिशातला रेडिओ काढला. त्यावर क्रिकेटची कॉमेंट्री चालली होती. मागचं झाकण उघडून त्यानं पकडीनं एक कंडेन्सर तोडला. मॅच बंद. उभी, न हलणारी वीज अडवायची अन् आवाज तेवढा जाऊ द्यायचा, हे कंडेन्सरचं काम. तो मध्ये घालून वायरीला पीळ दिला अन् पुन्हा मीटर लावला. सुई उडाली, मग सावकाश खाली यायला लागली.

एकशे चौऱ्याण्णव. माझे पाय जागेवर राहीनात. एकशे पंच्याण्णव. सुई शून्याला टेकली, म्हणजे उभी वीज पुरती अडली, तेव्हा कुठं त्यानं हेडफोन बाईच्या कानाला लावला.

"गरम लागते?"

"नाई रे भाऊ." अन् एकदम उठली. "आला, माहा नंबर आला." बैल हाकत गेलीसुद्धा.

मला राहवेना. "मन्सूरभाई, सुई खाली येईलोक काहून थांबला? नंबर हुकला असता म्हणजे?"

तो म्हणाला, "हुकला असता तर मी तिसऱ्या खेपेला पुकारला असता, चाचा, अन् बाबूच्या शिव्या खाल्ल्या असत्या. पण उजवा बी जळला असता, तर पुढच्या गाडीच्या वक्ताले तिले कशानं ऐकवलं असतं? अन् तुम्ही आता त्या बॅटरीपासून जरा दूर सरकून बसा."